कोणतं टाकू, बाई?

जोगेश्वरी पूर्वेला स्टेशनकडून मेघवाडीकडे येताना माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. चौथीत माझ्या वर्गात होता. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी माझा संगणक रिक्षात घालून त्याच्याकडे नेला. त्याने खोका उघडून पाहिला, पंख्यावरची धूळ फुंकली आणि म्हणाला, "बाई, मशीन ठणठणीत आहे. पण ह्याच्यावर पुढचं विंडोज बसणार नाही. नवा घ्या, नाहीतर लिनक्स टाकून देतो."

नवा घ्यायचा नव्हता. हा २०१४ साली घेतलेला. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली होती. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. माझ्याकडे यातलं काही नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "बरं, लिनक्स टाक."

"कोणतं टाकू, बाई?"

मला वाटलं होतं, लिनक्स म्हणजे एक वस्तू. त्याने बोटांवर नावं मोजायला सुरुवात केली: उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा, झोरिन, आपल्या सरकारचं बॉस. एक हात संपला, दुसरा सुरू झाला. तेहेतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. संगणक शाळेत आला तो भरलेला आला, घरी आला तोही भरलेला आला. त्याच्या आत काय असावं हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "तुला चांगलं वाटेल ते टाक." तर तो म्हणाला, "वापरणार तुम्ही. पेनड्राइव्हवर देतो एकेक, घरी चालवून बघा. आवडेल ते सांगा." एकदम इतकी निवड समोर आली की माणूस गोंधळतो. मी गोंधळले आणि त्या दिवशी काही न ठरवता घरी आले.

मला एवढी काळजी का होती, ते आधी सांगते.

माझं माहेर कुडाळजवळचं, सासर मालवणचं. आमच्या मेघवाडीत कोकणातून गिरणीत, गोदीत आलेली बरीच घरं. आता तिथे तिसरी पिढी आहे आणि त्या मुलांना आजीची मालवणी समजते, पण मुलं ती बोलत नाहीत. म्हणून मी अकरा वर्षांपासून मालवणी शब्दांची यादी करते आहे. आवाठ, गडगो, व्हाळ, खळा, हयसर, थयसर, वायंच. शब्द, त्याचा अर्थ, वाक्यात वापर आणि कुणाच्या तोंडून ऐकला ते. चौदाशेच्या वर शब्द झाले आहेत. ही सगळी यादी मी एका जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये, टाइपरायटरच्या कळपाटाने टाइप केलेली. सिस्टिम बदलली तर ती यादी उघडेल का, एवढाच माझा प्रश्न होता. संगणकात माझं दुसरं मौल्यवान काही नाही.

आठवड्याने पहिला पेनड्राइव्ह मिळाला. ८ जीबीचा, त्यावर उबुंटू. माझा संगणक सुरू होताना एफ-१२ ची कळ दाबायची, यादीतून पेनड्राइव्ह निवडायचा, की नवी सिस्टिम पेनड्राइव्हवरूनच चालू होते. हार्ड डिस्कला हातही लागत नाही. पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केला की आपलं जुनं सगळं जागच्या जागी. एवढं कळल्यावर माझी निम्मी भीती गेली. निवड करायची म्हणजे आधी काहीतरी पुसायचं, असं मी धरून चालले होते.

उबुंटूचा पडदा देखणा आहे. डावीकडे चित्रांची उभी पट्टी, वर घड्याळ. मी डाव्या कोपऱ्यात खाली स्टार्टचं बटण शोधत राहिले. तसं दिसणारं काही तिथे नव्हतं. दहा मिनिटांनी पट्टीच्या तळाशी सापडलेल्या चित्रावर क्लिक केलं आणि सगळे प्रोग्राम पडदाभर पसरले. मग माझी यादी असलेली फाइल उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा, उद्गारचिन्हं. एकही मराठी अक्षर नाही. चौदाशे शब्दांच्या जागी हे. मी संगणक बंद केला आणि त्या रात्री जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तेव्हा त्याने मला जे समजावलं, ते कुणीतरी अकरा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर हे खरं मराठी अक्षर नसतं. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षर किंवा चिन्हच साठवलेलं असतं, फक्त त्या फॉन्टने त्यावर 'क' चं किंवा काना-मात्रेचं चित्र चढवलेलं असतं. फॉन्ट काढला की चित्र जातं आणि खालचं उघडं पडतं. म्हणजे माझी यादी बिघडली नव्हती, ती आधीपासूनच इंग्रजी अक्षरांत होती. युनिकोडमध्ये मात्र 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे. कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही फॉन्टमध्ये तो 'क' च राहतो. हे ऐकताना मला आणखी एका गोष्टीचा उलगडा झाला. यादी अकारविल्हे लावायला मी संगणकाला सांगायचे तेव्हा तो शब्द वेडेवाकडे लावायचा. मी अकरा वर्षं हाताने एकेक शब्द त्याच्या जागी नेऊन बसवत होते. संगणक बिचारा आतल्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावत होता.

तेव्हा ठरलं की सिस्टिम कोणतीही असो, यादी युनिकोडमध्ये आणायची. आणि सिस्टिम निवडायची ती परीक्षा घेऊन. मला तेवढंच येतं. वर्गात सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका देतात, तशी मी एक प्रश्नपत्रिका केली: दहा शब्द, प्रत्येक सिस्टिमवर स्वतः टाइप करून बघायचे. त्यात खंय होता, व्हाळ होता, ऱ्हवणे होता, आणि एक जोडी होती: दर्या आणि दऱ्या. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा, चंद्रकोरीसारखा र. आम्ही समुद्राजवळची माणसं, डोंगराच्या पायथ्याची पण. हे दोन शब्द एकसारखे दिसायला लागले तर ती सिस्टिम मला चालणार नव्हती.

परीक्षा घ्यायची तर आधी मला टाइप करता यायला हवं होतं. टाइपरायटरचा कळपाट माझ्या बोटांत बसलेला. नव्या पद्धतीचं नाव इनस्क्रिप्ट, भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या प्रमाणात ठरवून दिलेला कळपाट. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पुन्हा अ आ इ गिरवायचं जिवावर आलं होतं. पण कळपाटाचं चित्र समोर ठेवलं आणि मी बराच वेळ नुसती बघत बसले. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. क ज्या कळीवर, त्याच कळीवर शिफ्टसह ख. ग आणि घ एकत्र, त आणि थ एकत्र, प आणि फ, ब आणि भ. अल्पप्राण साधा, महाप्राण शिफ्ट धरून. ज्याने हा कळपाट मांडला त्याने आपल्या वर्णमालेचा नीट विचार केला होता. र च्या कळीवर शिफ्ट धरलं की ऱ, ल च्या कळीवर शिफ्ट धरलं की ळ. खंय तीन कळांत होतो. जुन्या कळपाटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागे, कारण ती दिसते आधी. इथे आपण उच्चारतो त्याच क्रमाने, आधी व्यंजन, मग वेलांटी. मला तीन आठवडे लागले. पहिले चार दिवस प्रत्येक ओळीला रडू यायचं. दुसऱ्या आठवड्यात बोटं आपोआप जायला लागली.

हे शिकताना ज्याचा सगळ्यांत जास्त आधार झाला, ते आमच्याच रस्त्यावर निघालं. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पवईकडे गेलं की आयआयटी मुंबई लागते. तिथे प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा प्रकल्प उभा राहिला. लिनक्स, लिबरऑफिस अशा मुक्त सॉफ्टवेअरवरचे दहा-बारा मिनिटांचे धडे, त्यांतले बरेच मराठीत. पडद्याच्या अर्ध्या भागात धडा लावायचा, अर्ध्या भागात स्वतः करायचं. शिकवणारा थांबतो, आपण करतो, मग पुढे जायचं. शिक्षिका म्हणून सांगते, पद्धत उत्तम आहे. समोर माणूस नसला तरी शिकणाऱ्याला हात रिकामे ठेवू देत नाही.

मग परीक्षा झाली. उबुंटू, डेबियन, मिंट, तिन्ही पेनड्राइव्हवरून, एकेक आठवडा. सेटिंगमध्ये जाऊन कळपाटांच्या यादीतून मराठी घेतला, दहा शब्द टाइप केले. तिघींनाही दहापैकी दहा. दर्या वेगळा, दऱ्या वेगळ्या. मी पुरती गोंधळले. परीक्षेत सगळेच पहिले आले तर निवड करायची कशी?

पुन्हा दुकानात. तो म्हणाला, "बाई, मराठी कुणा एकीची नाही. सगळ्यांत तीच आहे." आणि तेव्हा कुठे मला त्या नावांच्या भाऊगर्दीचा अर्थ लागला. लिनक्स हा गाभा १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एका विद्यार्थ्याने लिहायला घेतला. त्याआधी १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प सुरू केलेला होता, कुणीही वापरावं, बघावं, बदलावं, वाटावं असं सॉफ्टवेअर घडवण्यासाठी. हे दोन्ही एकत्र आलं आणि पुढे ज्याने त्याने आपापली प्रत तयार केली. १९९३ ला डेबियन. डेबियनवरून २००४ ला उबुंटू. उबुंटूवरून २००६ ला मिंट. आपलं बॉस, म्हणजे 'भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स', सी-डॅकने केलं तेही डेबियनवरूनच.

मला यावरून पैठणचे नाथ आठवले. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात फिरत होत्या, पाठ बदलत होते. शके १५०६ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ ग्रंथ ज्ञानोबांचा, प्रत नाथांची. इथेही तसंच आहे, फक्त एक मोठा फरक आहे. नाथांनी पुढच्यांना बजावलं होतं की यात आपली ओवी घालू नका. या सिस्टिमांच्या गाभ्याचा परवाना सांगतो की खुशाल घाला, मात्र तुम्ही घातलेलं पुढच्यालाही तसंच मोकळं द्या. काव्याला नाथांचा नियम हवा. यंत्राला आणि शब्दकोशाला हा दुसरा नियम हवा, असं मला वाटतं.

म्हणून एखाद्याने मराठीसाठी केलेलं काम सगळ्या प्रतींत पोचतं. या शतकाच्या सुरुवातीला इंडलिनक्स नावाचा स्वयंसेवकांचा गट लिनक्स भारतीय भाषांत आणायला झटला. लोहित फॉन्ट रेड हॅट कंपनीने मोकळे केले. मेनूमधले शब्द कुणीतरी एकेक करून मराठीत आणले, त्याबद्दल फार थोड्यांना पैसे मिळाले असतील. मला मिंटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसत होते. सिस्टिमच्या भांडारातून 'लोहित मराठी' हा फॉन्ट फुकट उतरवला आणि आपल्या बालभारतीत असतात तसे ल आणि श समोर आले. ज्याने हा फरक ओळखून मराठीसाठी वेगळा फॉन्ट ठेवला, त्याला माझा नमस्कार पोचावा.

मराठीचा प्रश्न असा सगळीकडे सारखाच सुटला. उरलं माझं यंत्र आणि माझे हात. उबुंटू तेव्हा स्वतःच किमान ४ जीबी मेमरी मागत होती, माझ्याकडे जेमतेम तेवढीच. ब्राउझर आणि यादी एकदम उघडली की माझा संगणक धापा टाकायचा. डेबियनबद्दल मला आदर वाटला, सगळा कारभार स्वयंसेवकांचा, मागे कंपनी नाही, आणि बसवताना भाषांच्या यादीत मराठी आहे. पण ती बसवताना विचारते त्यातले निम्मे प्रश्न मला कळत नव्हते. मिंटचे तीन प्रकार मिळतात. त्यातला एक्सएफसीई नावाचा सगळ्यांत हलका. मिंट किमान २ जीबी मागते, ४ असली तर बरं म्हणते. डाव्या कोपऱ्यात खाली मेनूचं बटण, जिथे माझा हात अकरा वर्षं जात होता तिथेच. लिबरऑफिस आत आधीच भरलेलं. ब्राउझर आणि यादी एकत्र उघडून मी तासभर काम केलं, यंत्र कुरकुरलं नाही. शिवाय मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे मला लवकर पुन्हा या चक्रात पडायला नको. बॉसची पाळी यायच्या आधीच माझा शोध संपला.

मी घेतलेल्या मिंट २२.२ चं टोपणनाव झारा. प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव देतात, पहिलीचं आडा होतं. झारा हा माझ्या यादीतही आहे, वडे तळणीतून काढायचा.

बसवायच्या दिवशी तो दुकान बंद करून घरी आला. यादीच्या दोन प्रती मी आधीच केल्या होत्या, एक पेनड्राइव्हवर, एक बहिणीकडे कुडाळला पाठवलेली. पडद्यावर प्रश्न आला: डिस्क पुसून मिंट बसवायची का? त्याने माउस माझ्याकडे सरकवला. "हे तुम्हीच दाबा, बाई." मी प्रती पुन्हा एकदा उघडून पाहिल्या आणि मग दाबलं. वीस-पंचवीस मिनिटांत झालं.

अडचण एकच आली. माझा वायफायचा लहानसा डोंगल मिंटला ओळखता येईना. दोन दिवस मोबाइलला वायर जोडून नेट वापरलं. मग त्याने लिनक्सला चालणारा दुसरा डोंगल आणून दिला. माझ्यासारख्या नवख्याने ही तपासणी पेनड्राइव्हवर असतानाच करावी. वायफाय, आवाज, प्रिंटर, तिन्ही. मी शब्द तपासले आणि वायफाय तपासायचं राहिलं.

यादीचं काम मात्र सिस्टिमपेक्षा मोठं निघालं. जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारी साधनं मोफत मिळतात, ती वापरली. पण रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, ऱ्ह चा र्ह होतो, जोडाक्षरं फुटतात. दोन महिने रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर बसून मी शब्दन् शब्द तपासला. ते करताना चुकून दोनदा आलेले सदतीस शब्द सापडले. शेवटी सगळं लिबरऑफिसच्या तक्त्यात भरलं आणि अकारविल्हे लावायचं बटण दाबलं. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच आवाठ वर गेला, त्याखाली कोयतो, खंय, खळा, गडगो, सगळे आपापल्या जागी. अकरा वर्षं मी हे हाताने करत होते.

केरळमधल्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर संगणक शिकतात. आपल्या शाळांच्या कपाटांत "आता चालत नाही" म्हणून ठेवलेले किती संगणक असतील, त्यांच्यावर हे होऊ शकतं, आणि मुलं पहिल्या दिवसापासून खऱ्या मराठी अक्षरांत टाइप करायला शिकतील. माझ्या शाळेत मी हे विचारलं आहे. उत्तराची वाट पाहते आहे.

तर माझी आवडती मिंट, एक्सएफसीईवाली. तुमची दुसरी कोणती असेल, ती तुमच्या यंत्रावर आणि तुमच्या कामावर ठरेल. पण एक गोष्ट मात्र आजच बघा. तुमच्या घरात जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं काही असेल, वडिलांच्या आठवणी, भजनांची वही, गावच्या देवस्थानाचा इतिहास, तर ते आधी युनिकोडमध्ये करून घ्या आणि त्याच्या दोन प्रती दोन घरांत ठेवा. तो फॉन्ट चालवणारं यंत्र बंद पडलं, तर नंतर ते वाचता येणं फार अवघड होऊन बसतं.